दख्खनचे कालवे आणि परताव्याची कसोटी

सार्वजनिक बांधकामावर केलेला खर्च किफायतशीर ठरला की नाही, हा प्रश्न वरवर पाहता अंकगणिताचा वाटतो. परंतु खर्चासमोर काय मांडायचे, ते कोणाच्या नावावर जमा धरायचे आणि हिशेब किती वर्षांनी मिटवायचा, या तीन गोष्टी आधी ठरल्याशिवाय त्या अंकगणिताला सुरुवातच करता येत नाही. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर आणि नाशिक या जिल्ह्यांतील, कालव्यांचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. कालवे तेच राहिले, पाणीही साधारण तेवढेच राहिले, आणि तरीही दीडशे वर्षांत त्यांच्याविषयीचा निकाल अनेकदा फिरला. कारण दर वेळी निकाल देणाऱ्याच्या हाती वेगळीच खतावणी होती.

सरकारी कालव्यांच्या आधी या प्रदेशात पाटाचे पाणी नव्हते असे नाही. खानदेशात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर लहान बंधारे घालून पाणी वळवण्याची फड पद्धती शतकानुशतके चालत आली होती. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे काही मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडले जात, एका फडात एका हंगामाला सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे असा नियम असे, आणि पाणी कमी पडल्यास एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवला जाई. प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन बहुधा सर्वच फडांत असल्याने टंचाईचा तोटा एकट्यादुकट्याच्या माथी बसत नसे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे, राखणीचे जागल्याकडे, आणि त्यांचा मेहनताना बहुतेक धान्यरूपाने दिला जाई. या व्यवस्थेत भांडवलावरील व्याज ही बाबच नव्हती. बंधाऱ्याची डागडुजी व माणसांचा मेहनताना निघाला आणि कोणाचे शेत अगदीच वाळले नाही, म्हणजे बंधारा परवडला असा तिचा अलिखित हिशेब होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अखेरच्या काळात आणि त्यानंतरच्या ब्रिटिश राजवटीत पाण्याकडे पाहण्याची रीत बदलली, कारण पाणी आता कर्जाऊ पैशातून आणायचे होते. आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात आंध्रातील गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्याने सरकारला इतके उत्पन्न मिळवून दिले, की कालवा हा सोन्याची खाण आहे अशी समजूत लंडनच्या भांडवलदारांत पसरली. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी दिली जात होतीच; तशीच हमी मद्रास इरिगेशन कंपनीला मिळाली. तिचा कर्नूल-कडप्पा कालवा इतका तोट्यात गेला की 1882 मध्ये सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला, आणि ओरिसात कालवे काढणाऱ्या कंपनीचे काम तर त्याआधीच सरकारच्या गळ्यात पडले होते. हमीच्या पद्धतीतला दोष उघड होता. कालवा चालो वा न चालो, भागधारकाला व्याज मिळणारच असल्याने काम काटकसरीने करण्याचे कारण कंपनीला उरत नव्हते.

या अनुभवानंतर 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात, व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांच्या कारकिर्दीत, सरकारने स्वतः कर्ज काढून कालवे बांधण्याचे धोरण स्वीकारले. रिचर्ड स्ट्रेची हे त्या धोरणामागचे प्रमुख अभियंते होते. कर्ज काढायचे तर सावकाराला, म्हणजे लंडनच्या बाजाराला, उत्तर देता आले पाहिजे. म्हणून ‘उत्पादक काम’ अशी संज्ञा घडवण्यात आली. काम पूर्ण झाल्यावर दहा वर्षांच्या आत ज्या कालव्याचे निव्वळ उत्पन्न भांडवलावरील व्याज भागवू शकेल, तोच कालवा उत्पादक. भांडवलात केवळ दगड, चुना आणि मजुरी येत नसे; बांधकामाच्या काळात थकत गेलेले व्याजही त्यात मिळवले जाई. उत्पन्नाच्या बाजूला पाणीपट्टी, आणि पाण्यामुळे वाढलेल्या जमीनमहसुलाचा काही भाग. मुंबई इलाख्यात सारा तीस वर्षांसाठी ठरवून दिलेला असे, त्यामुळे कालव्यामुळे शेताची किंमत वाढली तरी सरकारच्या खात्यावर ती वाढ पुढची पाहणी होईपर्यंत दिसत नसे. शेतकऱ्याच्या घरात काय वाढले याला तर या पत्रकात रकानाच नव्हता.

ही कसोटी पंजाबच्या भूगोलावर बेतलेली होती असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. पंजाबच्या नद्यांना हिमालयाच्या बर्फाचे पाणी बारा महिने मिळते, जमीन सपाट आहे आणि पाऊस इतका कमी की कालव्याखेरीज पीकच येत नाही. तेथे नदीतून कालवा खणला की काम झाले, आणि लोअर चिनाब कालव्याने पुढे भांडवलावर 20 टक्क्यांहून अधिक परतावा दिला. दख्खनच्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात, चार महिने दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरतात. म्हणून येथे आधी धरण बांधून पाणी साठवावे लागते आणि मग ते खडकाळ, चढउताराच्या मुलखातून ओढ्यानाल्यांवर मोऱ्या व जलसेतू बांधत न्यावे लागते. पुण्याजवळ मुठा नदीवर कर्नल फाइफ यांच्या आराखड्याप्रमाणे 1870 च्या दशकात उभे राहिलेले खडकवासल्याचे दगडी धरण हे अशा कामाचे पहिले मोठे उदाहरण होय. पुणे शहर आणि लष्कर यांना त्याचे पाणी मिळाले, परंतु शेतीच्या बाजूने अपेक्षित वसुली झाली नाही.

त्याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधण्याची तत्कालीन अधिकाऱ्यांना सवय होती, पण शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता. काळी कसदार जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते. पाऊस बरा झाला तर ज्वारी-बाजरी पाटाच्या पाण्यावाचून येते, आणि तेव्हा पाणीपट्टी देणे म्हणजे पदरचा पैसा टाकणे. पाऊस ओढ देई तेव्हा मात्र सगळेच एकदम पाणी मागत आणि कालवा अपुरा पडे. याचा अर्थ असा की कालव्याचे उत्पन्न चांगल्या वर्षी बुडत होते आणि त्याची खरी किंमत वाईट वर्षी कळत होती, तर सरकारी ताळेबंद वर्षागणिक सरासरी काढत होता.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने ही विसंगती चव्हाट्यावर आणली. या दुष्काळात दक्षिण हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि खर्चाचे गणित माणसाच्या जिवाशी किती निर्दयपणे भिडते हे त्यात दिसले. रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने 1873-74 मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर तांदूळ आणवून जीवितहानी जवळजवळ होऊ दिली नव्हती. त्याबद्दल त्याच्या वाट्याला उधळपट्टीचा ठपका आला. तोच टेंपल 1877 च्या जानेवारीत दुष्काळी भागाचा विशेष प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत उतरला, तेव्हा त्याने दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर काम करणारे शरीर टिकत नाही असे सांगून विरोध केला, मुंबई इलाख्यात मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळी भागाची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनांवर निवेदने धाडली. माणूस एकच आणि आपत्तीही सारखीच असताना चार वर्षांच्या आत खर्चाचे माप उलटे झाले, आणि दोन्ही वेळा ते सरकारी तिजोरीच्याच भाषेत तोलले गेले. त्याच वर्षी टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला, ही बढती त्या काळच्या हिशेबाविषयी पुरेसे सांगते.

दुष्काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद रिचर्ड स्ट्रेची यांच्याकडेच होते. 1880 च्या अहवालानंतर कालव्यांच्या वर्गवारीत ‘संरक्षक काम’ हा दुसरा वर्ग रूढ झाला. ज्या कामातून व्याज सुटणार नाही, परंतु ज्यामुळे पुढच्या दुष्काळात मदतकार्यावरचा खर्च टळेल, ते संरक्षक. त्याला कर्जाऐवजी दुष्काळ विम्याच्या निधीतून पैसा द्यायचा. या निधीसाठी सरकारने दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढण्याचे ठरवले होते. नीरा डावा कालवा 1876 मध्ये दुष्काळी काम म्हणूनच सुरू झाला आणि भाटघरच्या धरणाच्या आधारे 1885 च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्याला पाणी देऊ लागला.

कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालील 1901-03 च्या सिंचन आयोगाने या कल्पनेला आकड्यांचे रूप देण्याचा प्रयत्न केला. एखाद्या तालुक्यात दुष्काळी मदतीवर सरासरी दरसाल किती खर्च येतो, कालवा झाल्यास त्यातला किती वाचेल, आणि तेवढ्या बचतीसाठी एकरी किती भांडवल गुंतवणे योग्य ठरेल, असा तो विचार होता. न झालेल्या खर्चाला उत्पन्न मानण्याची ही रीत आजच्या विमा व्यवसायात किंवा लसीकरणाच्या अर्थशास्त्रात नेहमीची आहे. 1903 मध्ये ती पुष्कळ धीट होती. तरीही खतावणी सरकारचीच राहिली. वाचलेला जीव तेवढाच मोजला जात होता जेवढा तो जगवण्यावर सरकारचा पैसा गेला असता. गोदावरी आणि प्रवरा कालवे या नव्या धोरणातून उभे राहिले. दारणा धरण 1916 मध्ये, तर भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले.

संरक्षणाच्या नावाखाली बांधलेला कालवाही तोट्यात चालावा हे पाटबंधारे खात्याला रुचत नव्हते, आणि येथेच कथेला वळण देणारे पीक पुढे आले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात तेव्हा पुणे भागात असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत सुरू केली. गावोगाव विखुरलेल्या शेतांना मागतील तसे पाणी देण्याऐवजी जमिनीचे ठरावीक ब्लॉक पाडायचे, शेतकऱ्याशी सहा वर्षांचा करार करायचा, ब्लॉकच्या साधारण एक-तृतीयांश भागात आळीपाळीने ऊस आणि उरलेल्यात हंगामी पिके घ्यायची, असा तिचा सांगाडा होता. कराराची मुदत ठरलेली असल्याने खात्याला वसुलीची खात्री मिळाली आणि शेतकऱ्याला पाण्याच्या पाळीची. पाणी अनेक गावांत वाटले जावे हा विश्वेश्वरय्यांचा हेतू होता. व्यवहारात मात्र ब्लॉकमधला ऊसच पाणीपट्टीचा मोठा हिस्सा भरू लागला. दुष्काळी वर्षाची वाट पाहणाऱ्या कालव्याला बारमाही गिऱ्हाईक मिळाले.

हे गिऱ्हाईक म्हणजे बहुतांशी सासवडकडून आलेले माळी बागायतदार. मोटेच्या पाण्यावर मळे पिकवण्याचा पिढीजात अनुभव, खत आणि मजुरी यांवर आगाऊ खर्च करण्याची तयारी आणि गुळाच्या बाजाराची जाण असलेले हे शेतकरी बारामतीच्या आणि पुढे बेलापूर-कोपरगावच्या कालव्यांवर खंडाने जमिनी घेऊन बसले. दीड वर्षाच्या आडसाली उसाचा खर्च कोरडवाहू कुणब्याला झेपणारा नव्हता, त्यामुळे त्याला आपली जमीन खंडाने देणे अधिक परवडे. ज्याच्या संरक्षणासाठी कालवा बांधला, तो आपल्याच शेतावर दुसऱ्याचे गुऱ्हाळ पाहू लागला. शिवाय पाण्याचा अतिवापर होऊन काही वर्षांतच नीरा काठच्या सखल जमिनी चिबड झाल्या, मीठ फुटून पांढऱ्या पडल्या. या पाणथळीचा अभ्यास करण्यासाठी 1916 मध्ये इलाखा सरकारने पाटबंधारे खात्यात एक विशेष शाखा उघडली आणि तिच्यातूनच आज खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र वाढले. खराब झालेल्या जमिनीची किंमत कालव्याच्या खर्चात कधीच धरली गेली नाही.

उसावर बेतलेला परतावा गुळाच्या भावाशी जखडलेला होता. 1929 नंतरच्या मंदीत भाव कोसळले, तशी कालव्यांच्या वसुलीची चिंता पुन्हा उभी राहिली. 1932 मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले तेव्हा तिला उतार पडला, आणि माळीनगर, वालचंदनगर यांसारखे कारखाने पाण्याचे नवे धनी झाले. पुस्तकी हिशेबात कालवा सुधारला खरा; पण साखर खाणाऱ्याने जकातीमुळे दिलेली चढी किंमत त्या सुधारणेत किती होती, हे कोणी पाहिले नाही.

सरकारी खतावणीच्या बाहेर पडून कालव्याचा हिशेब मांडण्याचे काम धनंजयराव गाडगीळ यांनी केले. पुण्यात 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते संचालक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या परिसराची पाहणी करण्यात आली आणि तिचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. बागायती आणि जिरायती शेतांची तुलना करून, पाण्यामुळे पिकांचे निव्वळ मूल्य किती वाढले, मजुराला किती जादा दिवस काम मिळाले, व्यापार, वाहतूक आणि कारखानदारी यांत काय भर पडली, याचा अंदाज त्यात घेतलेला आहे. फ्रान्समध्ये ज्युल द्युपुई या अभियंत्याने 1844 मध्येच दाखवून दिले होते की पुलाची उपयुक्तता त्यावर जमणाऱ्या टोलापेक्षा अधिक असते, कारण टोल भरणाऱ्या पुष्कळांनी प्रसंगी त्याहून जास्त दिले असते. आणि अमेरिकेत 1936 च्या पूरनियंत्रण कायद्याने लाभ कोणाच्याही पदरात पडो, त्यांची बेरीज खर्चाहून मोठी असली पाहिजे असे तत्त्व घातले. गाडगीळांचे काम त्याच वाटेवरचे असले तरी त्याचा पाया पुस्तकी नव्हता. तो गावोगावच्या शेतांची पाने भरून तयार झाला होता. ज्यांनी प्रवरेच्या पाण्याचा लाभ मोजला तेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, हा योगायोग नव्हे. अप्रत्यक्ष लाभ बाहेरच्या भांडवलदाराकडे जाण्याऐवजी कालव्यावरच्या शेतकऱ्याच्या हाती राहावा, हा त्या पाहणीतून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष होता.

1964 मध्ये गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून पाटबंधारे प्रकल्पांसाठी व्याजाच्या परताव्याऐवजी लाभ-व्यय गुणोत्तराची कसोटी स्वीकारण्यात आली. पाणी आल्यानंतरच्या पिकांच्या निव्वळ मूल्यातून पाणी येण्यापूर्वीचे मूल्य वजा केले की वार्षिक लाभ मिळतो. भांडवलावरील व्याज, घसारा आणि देखभाल मिळवली की वार्षिक व्यय मिळतो. पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारी संख्या दीडपेक्षा कमी असू नये असा दंडक ठरला. 1972 च्या सिंचन आयोगाने अवर्षणप्रवण भागासाठी ती मर्यादा एकपर्यंत खाली आणण्याची शिफारस केली, म्हणजे संरक्षक कामांची जुनी सवलत नव्या भाषेत परतली. परताव्याच्या कसोटीला निदान एक बंधन होते: वसुली झाली की नाही हे दर वर्षी उघड होत असे. लाभ-व्यय गुणोत्तर कागदावर, काम सुरू होण्यापूर्वी काढले जाते, आणि अंदाजात पीकरचना, भाव किंवा भिजणारे क्षेत्र थोडे उदारपणे धरले की कोणताही प्रकल्प दीडच्या उंबरठ्यावर चढवता येतो. काम रेंगाळून खर्च वाढला तरी मूळ गुणोत्तर फाइलीत तसेच राहते.

व्ययाच्या बाजूला बुडणारी गावे किती किमतीची धरायची, हा प्रश्न या सर्व सूत्रांना पुरून उरला. 1921 मध्ये मुळशीला टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळ्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना मिळणारी वीज आणि वाचणारा कोळसा एका पारड्यात आणि पन्नासेक गावांची भातखाचरे दुसऱ्या पारड्यात होती. 1894 च्या भूसंपादन कायद्याने दुसऱ्या पारड्याचे वजन बाजारभाव आणि वर 15 टक्के इतके ठरवून टाकले होते. महाराष्ट्राने 1976 मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करून लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना देण्याची तरतूद केली. खर्चाचा काही भाग लाभार्थ्याच्या दारात नेणारी ही तरतूद गुणोत्तराच्या सूत्रापेक्षा अधिक न्यायाची होती. तिची अंमलबजावणी तितकी झाली नाही.

1970 च्या दशकातील अवर्षणानंतर पैशाइतकेच पाणीही दुर्मीळ आहे ही जाणीव आली आणि खर्चाच्या जागी पाण्याचा थेंब आला. दांडेकर, देऊस्कर आणि देशमुख यांच्या समितीने 1979 मध्ये नव्या प्रकल्पांतून बारमाही उसाऐवजी आठमाही पाणी द्यावे असे सुचवले, कारण एका एकर उसाच्या पाण्यात हंगामी पिकाचे कितीतरी एकर भिजतात. एकरी उत्पन्नाचा हिशेब उसाच्या बाजूने होता, तर घनमीटरमागे उत्पन्नाचा हिशेब ज्वारी, गहू आणि हरभऱ्याच्या बाजूने. कारखान्यांची गाळपक्षमता आणि त्यांच्याभोवती उभे राहिलेले राजकारण यांपुढे दुसरा हिशेब मागे पडला. पाणीपट्टीबाबत 1992 च्या वैद्यनाथन समितीने देखभालीचा पूर्ण खर्च आणि भांडवलाचा केवळ 1 टक्का एवढीच अपेक्षा ठेवली, आणि 2005 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दर ठरवताना व्यवस्थापन व देखभालीचा खर्च हाच आधार धरला आहे.

त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना सिंचनव्यवस्थापन सोपवणारा कायदाही झाला. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर अशा संस्था 1990 च्या दशकापासूनच चालत होत्या. तेथे संस्थेला पाणी घनमापाने मोजून मिळते, कोणते पीक घ्यायचे हे सभासद ठरवतात, आणि विहिरींत झिरपलेले पाणीही त्यांच्या विचारात येते. वाघाडच्या शेतकऱ्यांनी त्या पाण्यावर प्रामुख्याने द्राक्षे घेतली.